चौदाव्या पानावरची ओळ

११ नोव्हेंबर २०२४
वैशाली नगर, नागपूर

ऋषिकेश,

नावाच्या आधी काही लिहावं असं वाटलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

माझी सिंधूताई पडली. खाप्याला, स्वतःच्या अंगणात, दोरीवरचे कपडे काढताना. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी ऑपरेशन झालं, आत सळई घातली आहे. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तुला आठवत नसेल तर सांगते, चौथीत तुझा हात धरून 'ऋ' गिरवून घेणारी ती. खाप्याच्या शाळेत आपल्या नावाचं पहिलं अक्षर न येणारा तू एकटाच होतास, असं ती अजून हसत सांगते. म्हणजे सांगायची.

ती घसरली नाही. अंगण कोरडं होतं. तिला चक्कर आली. महिनाभरात तिसरी.

दवाखान्यात डॉक्टर मुलगी तिचे कपडे कापायला कात्री घेऊन वाकली, तर कात्री तिच्या हातातून सुटली आणि ताईच्या छातीला जाऊन चिकटली. आम्ही सगळे बघतच राहिलो. पोलक्यावरून तिनं एक जाकीट घातलं होतं. निळं, पुढून चार आणि मागून चार चुंबक शिवलेले. आतल्या पट्टीवर छापलं होतं, 'चुंबकायन क्वांटम जाकीट'. तुझी कंपनी.

ताईच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली दोन वर्षांपासून पेसमेकर आहे. एक चुंबक बरोबर त्याच्यावर येत होता. चुंबक जवळ आला की ते यंत्र हृदयाचे ठोके ऐकणं बंद करतं आणि आपल्या ठरलेल्या गतीनं आंधळ्यासारखं ठोके देत सुटतं. डॉक्टर तपासणीपुरतं ते मुद्दाम करतात, दोन मिनिटं, समोर मशीन ठेवून. तू तिला दिवसाचे आठ तास ते करायला लावलंस.

त्या मुलीनं मला विचारलं की हिला हे घालायला कोणी सांगितलं. मी तुला फोन लावायला बाहेर गेले.

तुझ्या ऑफिसला अकरा वेळा फोन केला. सर मीटिंगमध्ये आहेत. म्हणून हे रजिस्टर्ड पोस्टानं. मला एकच उत्तर हवं आहे, हो किंवा नाही. तिच्या छातीत पेसमेकर आहे हे तुला माहीत होतं का?

चारुशीला गजभिये

२५ नोव्हेंबर २०२४

ऋषिकेश,

पोचपावतीवर तुझी सही आली. म्हणजे पत्र तू घेतलंस, वाचलंस. उत्तर मात्र 'ग्राहक सेवा विभागा'चं आलं. आमच्या आदरणीय ग्राहक लवकर बऱ्या व्हाव्यात अशी शुभेच्छा, एक पुस्तिका, आणि सोबत पार्सल. पार्सल फोडलं तर आत नवं कोरं जाकीट. कापलेल्याच्या बदल्यात, मोफत.

मी ते उचलून अंगणात फेकलं. ते फाटकाला चिकटून राहिलं. अजून तिथेच आहे, येणारा-जाणारा विचारतो.

पुस्तिका मात्र मी वाचली. चाळीस वर्षं पेपर तपासले, सवय जात नाही. पान सहा: 'रक्तातील लोह चुंबकाकडे खेचले जाते व रक्ताभिसरण वाढते.' हे तू लिहिलंस? तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. ऑक्सिजन घेतलेल्या रक्तात लोखंड असतं, पण त्याचे इलेक्ट्रॉन जोड्या लावून बसलेले असतात, एकाची दिशा वर तर दुसऱ्याची खाली, आणि शिल्लक शून्य. असं रक्त चुंबकाकडे खेचलं जात नाही, उलट केसभर लांब सरकतं. हे मी तुला शिकवलेलं नाही. एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये हे तू मला शिकवलंस. घरून आणलेली मिरचीची भाजी डब्यात तशीच ठेवून दीड तास फळ्यावर लिहीत होतास.

आणि 'क्वांटम'! बत्तीस पानांत एकोणचाळीस वेळा. मोजले मी.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तू खिशातून मँगनीजचा दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला होतास. तुझे वडील धोंडबा मँगनीजच्या खाणीत होते, घरी असे दगड खूप. तू म्हणालास, मॅडम, लोखंडाच्या अणूत एकटे इलेक्ट्रॉन चार, मँगनीजच्या अणूत पाच. मग चारवालं चिकटते अन् पाचवालं चुपचाप काहून राहते? साऱ्या वर्गानं तुझ्या भाषेला हसून घेतलं. मी नाही हसले, कारण मला उत्तर नीट येत नव्हतं. तसं मी तुम्हाला सांगितलंही. चार दिवस मी विद्यापीठाच्या लायब्ररीत बसले आणि पाचव्या दिवशी आपण दोघं फळ्यासमोर उभे राहिलो.

त्या दिवशी आपण काय केलं ते तू विसरला असशील, म्हणून लिहिते. जुन्या पदार्थविज्ञानाच्या नियमांनी हिशेब केला तर जगात चुंबक असूच शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका डच बाईनं हे आपल्या प्रबंधात सिद्ध केलं. तरी चुंबक आहे. काहून? इलेक्ट्रॉन स्वतःच एक बारीक चुंबक आहे, पण अशा दोन बारीक चुंबकांमधली ओढ इतकी दुबळी की नागपूरच्या उन्हाळ्यातच काय, आपल्या हिवाळ्यातही ती टिकणार नाही. लोखंड तर सातशे सत्तर अंशांपर्यंत चुंबक राहतं. मग त्या इलेक्ट्रॉनांना एका दिशेला धरतं कोण? धरतो तो एक नियम. सारख्या दिशेचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत. ते एकमेकांपासून लांब राहतात, लांब राहिले की त्यांच्यातलं विजेचं ढकलणं कमी होतं, ऊर्जा वाचते. म्हणून लोखंडात ते सारखी दिशा धरतात. मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये दोन अणूंच्या मधे ऑक्सिजन येतो, आणि त्याच नियमानं शेजारी-शेजारी उलटी दिशा घेतात. पाच वर, पाच खाली. प्रत्येक अणू लोखंडापेक्षा जोरदार, आणि अख्खा दगड थंड.

तू खडू खाली ठेवलास. मग म्हणालास, खाणीतल्या कोणालेच हे माहीत नाही, मॅडम.

मी त्या दिवशी घरी पायी गेले. इतका आनंद झाला होता की बसमध्ये बसवेना.

पुंज यामिकीतून, म्हणजे खऱ्या क्वांटम सिद्धांतातून, चुंबक कसा येतो हे समजून घेतलेली माणसं या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतील. त्यातल्या एकानं त्याचं जाकीट शिवलं. अडाण्यानं फसवलं तर मी त्याला शिकवू शकते. तुला काय शिकवू?

हो की नाही, ते अजून आलेलं नाही.

चारुशीला गजभिये

९ डिसेंबर २०२४

ऋषिकेश,

आता विचारत नाही. ताईनं सांगितलं.

ती आता माझ्याकडे आहे. बाहेरच्या खोलीत पलंग लावला आहे. चालता येत नाही, वॉकर धरून चार पावलं टाकते आणि घामानं भिजते. काल मी तिची वेणी घालत होते तेव्हा आपण होऊन बोलली. दिवाळीच्या आधी तुझा चुलतभाऊ अंकुश गावात जाकिटं घेऊन आला होता. ताईनं त्याला विचारलं की माझ्या छातीत मशीन आहे, मला चालेल का. अंकुशला माहीत नव्हतं. त्यानं तिच्यासमोर तुला फोन लावला, आवाज मोठा करून. तू म्हणालास,

"बाईले घालू दे. काई होत नाई."

ताईनं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. पुढे चक्कर आली तेव्हा तिनं अंकुशला विचारलं, तर तो म्हणाला शरीरातली घाण बाहेर निघून राहिली, बंद करू नका. तिनं बंद केलं नाही.

आमचे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. छप्पन्न साली दीक्षा घ्यायला गेले तेव्हा ताई सहा वर्षांची, त्यांच्या खांद्यावर बसून होती. त्या दिवसापासून आमच्या घरात गंडा आला नाही, दोरा आला नाही. मी तापानं फणफणले होते तेव्हा शेजारची बाई मंतरलेलं पाणी घेऊन आली, तर ताईनं, बारा वर्षांच्या पोरीनं, तिला दारातून परत पाठवलं. तू ताबीज विकलं असतंस तर तिनं हात लावला नसता. विज्ञान म्हणून विकलंस, म्हणून घातलं.

आणखी एक. परवा मी कपाटातून तुझ्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती काढली, २०२२ ची. पान चौदा, चौकटीत, ठळक: 'पेसमेकर बसवलेल्यांनी हे जाकीट अजिबात वापरू नये.' तुझ्या ग्राहक सेवा विभागानं पाठवलेली दुसरी आवृत्ती त्याच्याशेजारी ठेवली. पान चौदा: कोण्या समाधानी गृहस्थाचा फोटो, गुडघे बरे झाल्याचं पत्र. चौकट नाही. कुठेच नाही. सगळी पानं तपासली.

ती ओळ मी तुझ्याकडून घालून घेतली होती. पहिल्या आवृत्तीची कच्ची पानं तू मला दाखवायला आणलीस तेव्हा. म्हणून ती आवृत्ती माझ्या कपाटात होती. मी फक्त पानं तपासली होती, बाकी त्या पुस्तिकेशी माझा संबंध नाही.

ती ओळ आपोआप गळत नाही, ऋषिकेश. कोणीतरी म्हटलं असेल की हे वाचून म्हातारी माणसं घाबरतात, विक्री पडते. आणि कोणीतरी म्हटलं असेल, काढून टाका. तो दुसरा तू.

५ जानेवारीला तुझ्या विक्रेत्यांचा मेळावा आहे, पेपरात जाहिरात आली आहे. मी येते आहे.

चारुशीला

६ जानेवारी २०२५

ऋषिकेश,

दारावरच्या मुलींनी मला ओळखलं. पहिल्या रांगेत बसवलं, हार घातला, शाल दिली. मी येणार हे तुला माहीत होतं, तरी तू त्यांना अडवायला सांगितलं नव्हतंस. तेव्हा मला तो तुझा भला गुण वाटला.

सहाशे माणसं असतील. रामटेक, सावनेर, काटोल, भंडारा. बायाही खूप, आपापली जाकिटं घालून आलेल्या. तू मला 'माझ्या गुरू' म्हणून मंचावर बोलावलंस, आणि मी माईक घेतला. भाषण केलं नाही. दोन्ही पुस्तिका हातात धरल्या, एकीतलं पान चौदा वाचलं, दुसरीतलं पान चौदा वाचलं, आणि म्हटलं की छातीत यंत्र असलेल्या कोणाला हे जाकीट विकलं असेल तर आज घरी जाऊन आधी ते परत घ्या. माझी बहीण यानं पडली आहे.

बाया आपापल्या जाकिटांकडे बघू लागल्या. मला वाटलं, झालं.

मग तू किती प्रेमानं माईक घेतलास माझ्या हातून. मॅडमचं वय झालं आहे, बहिणीच्या दुखण्यानं त्या खचल्या आहेत, आपण सगळे त्यांच्या दुःखात सहभागी आहोत. टाळ्या. आणि मग म्हणालास, पण मॅडमचं खरं मत काय ते त्यांच्याच शब्दांत बघू. मागच्या पडद्यावर पुस्तिकेचं पहिलं पान आलं. माझा फोटो. माझ्या दोन ओळी, माझी सही. तू विचारलंस,

"हे कोणी लिहिलं, मॅडम?"

मी दोन्ही पुस्तिका मिटल्या. सहाशे माणसांसमोर, गळ्यात तुझा हार, उभी राहिले. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. तू माझा हात धरून मला पायऱ्यांवरून खाली उतरवलंस. पाया पडलास. त्याचेही फोटो निघाले.

मला वाटत होतं की जगात माझ्याइतकं तुला कोणी ओळखत नाही. माझी कमकुवत जागा कुठली हे तू मात्र बरोबर ओळखलंस.

बाहेर गाड्यांच्या रांगेत रिक्षा बघत होते तेव्हा एक धोतरवाले म्हातारे मागून धापा टाकत आले. भैय्याजी, रामटेकला किराणा दुकान आहे, तुझे विक्रेते. त्यांनी विचारलं, मशीनवाल्याचं म्हनलं तुम्ही, ते खरं आहे का. मी म्हटलं, खरं आहे. ते म्हणाले,

"मंग माह्यावाल्या दुकानातून दोघायनं नेलं हाय."

ते हसणाऱ्यांत होते की नाही ते मी विचारलं नाही.

चारुशीला

१७ फेब्रुवारी २०२५

ऋषिकेश,

आम्हाला आजवर पाच सापडले.

भैय्याजींकडे कोणाला काय विकलं याची वही होती. ती घेऊन आम्ही आधी रामटेक केलं, मग मनसर, मग त्यांच्या व्याह्यांच्या ओळखीनं सावनेर. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून, सहासष्टाव्या वर्षी. घरोघर जाऊन एकच विचारायचं, छातीत यंत्र बसवलं आहे का. ज्यांना नाही त्यांनाही मी पान सहा खोटं आहे ते सांगते. काही ऐकतात, काही चहा देऊन निरोप देतात. ज्यांना आहे त्यांच्या घरातून मात्र जाकीट घेतल्याशिवाय हलायचं नाही.

सावनेरला वसंत नावाचे गृहस्थ आहेत, एसटीत कंडक्टर होते. दोनदा बेशुद्ध पडले. दोन्ही वेळा तुझ्या माणसानं सांगितलं की गुण येतो आहे. त्यांची बायको रडत होती, आणि ते तिलाच दटावत होते की आपणच नीट घातलं नसेल. त्यांचं जाकीट काढून घेतलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, मग याच्याबदली काय घालू?

मनसरला यमुताई भेटल्या. ऐंशीच्या घरात, एकट्या. पेसमेकर आहे. जाकीट द्यायला तयार होईनात. भैय्याजींनी समजावलं, मी समजावलं, तर आत गेल्या, पुस्तिका आणली, चष्मा लावला आणि बोट फिरवत मलाच वाचून दाखवलं: 'चुंबकत्वाचा उगम पुंज यामिकीत आहे. माझ्या विद्यार्थ्याने हे ज्ञान सामान्य माणसांपर्यंत नेले याचा मला अभिमान वाटतो.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की एवढ्या मोठ्या प्रोफेसरबाई खोटं लिहितील काय. फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे, त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी म्हटलं, "मीच ती. मी चूक लिहिलं."

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. जाकीट आणून माझ्या हातात दिलं आणि आम्ही अंगणातून बाहेर पडायच्या आत दार लावून घेतलं.

भैय्याजींनी मला फाटकाशी सोडलं. घरी येऊन मी ती दोन वाक्यं परत वाचली. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरंही तेव्हा खरं होतं. तरी दोन्ही मिळून खोटं झालं, आणि लिहितानाच मला ते कळत होतं. पान सहा मी तेव्हाही वाचलं होतं. रक्तातल्या लोखंडाचं वाक्य मी खोडलं नाही. पेसमेकरची ओळ घालून घेतली आणि माझं काम झालं असं स्वतःला समजावलं.

काहून लिहिलं ते सांगते. तुला माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहिते. तू पीएच.डी. अर्धवट सोडलीस तेव्हा आपण भांडलो, आणि सहा वर्षं तू फिरकला नाहीस. मी निवृत्त झाले. निरोपाला विभागातले चार जण होते, त्यातले दोघे नाश्त्यासाठी. मग एक दिवस तू दारात उभा, पेढे घेऊन, 'मॅडम' म्हणत. दुपारभर बसलास. जुनं सगळं आठवलंस. जाताना कच्ची पानं ठेवलीस आणि म्हणालास, तुमच्या दोन ओळी असतील तर बरं. कोणाला तरी माझ्या दोन ओळी हव्या होत्या. इतकंच.

तुझ्यावरचा माझा राग यानं कमी झाला असं समजू नकोस. वाढला आहे. तुला कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं.

ताई आता वॉकर धरून फाटकापर्यंत जाते. तुझं मोफत जाकीट तिनंच ओढून काढलं.

चारुशीला

२८ एप्रिल २०२५

ऋषिकेश,

महिन्याच्या सुरुवातीला अंकुश येऊन गेला. तुझा निरोप घेऊन आला होता, बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. बाईंनी, म्हणजे ताईनं, ग्राहक आयोगात जाऊ नये. गेल्या तर मॅडमचंही नाव निघेल, मॅडमचं पेन्शनवय, कोर्टकचेरी, उगाच शोभा होईल. सरांना मॅडमची काळजी वाटते.

हे सगळं ताईच्या पलंगापाशी झालं. तिनं त्याला पाणी दिलं आणि जाऊ दिलं. तो गेल्यावर मला म्हणाली, अर्ज लिही.

मी लिहिला. तीन दिवस लागले. तक्रारदार सिंधू गजभिये, निवृत्त शिक्षिका. विरुद्ध पक्ष, तुझी कंपनी आणि तू. मागणी पैशांची नाही. दोन गोष्टी: छातीत यंत्र असलेल्यांकडून सगळी जाकिटं परत घ्या, आणि ती ओळ, जिथे होती तिथे, तशीच छापा. दोन्ही पुस्तिका जोडल्या. वसंतरावांचं निवेदन जोडलं, भैय्याजींचंही. त्यांनी तुझी एजन्सी सोडली आहे.

ताईनं सगळा अर्ज वाचला. लाल पेन मागून घेतलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मग कागद मांडीवर ठेवले.

"याच्यात एक नाव कमी हाय."

मला वाटलं अंकुशचं म्हणते. मी म्हटलं, तो नुसता विकणारा, त्याला कशाला.

"अंकुशचं नाई वं. तुहं."

ती माझ्याकडे बघत नव्हती, पेनाचं टोपण लावत होती. म्हणाली की अंकुशवर तिचा भरवसा नव्हताच कधी, आणि तुझ्यावरही अर्धाच होता. मग म्हणाली,

"तुहा फोटो पाहून घेतलं मी ते. मले वाटलं, चारूनं पाह्यलं असन तं बरोबरच असन."

पाच महिने ती माझ्या घरात आहे. पाच महिने मी तिची वेणी घालते, तिला धरून संडासला नेते, आणि पाच महिन्यांत तिनं हे एकदाही म्हटलं नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून आत गेले. माझ्यासाठी शिकणं सोडून अठराव्या वर्षी नोकरीला लागलेली बहीण मलाच आरोपी करायला निघाली होती, म्हणून तिचा राग आला. तुझा आला. अंकुशनं नेमकी तीच भीती घालावी आणि ताईनं नेमकं तेच करावं याचा आला. चार दिवस आम्ही बोललो नाही. मी ताट वाढायची, ती जेवायची.

पाचव्या दिवशी मी अर्जाचं पहिलं पान नव्यानं लिहिलं. तिनं वाचलं, खाली सही केली. अक्षर अजूनही शाळेत फळ्यावर असायचं तसं, सरळ.

आता तुझ्याकडे मला घाबरवायला काही उरलेलं नाही. पडद्यावर जे दाखवलं होतंस ते आता मीच अर्जाला जोडलं आहे, परिशिष्ट तीन.

अर्ज दाखल झाला. सुनावणी १६ मे, शुक्रवार, सकाळी साडेदहा. तुला नोटीस आलीच असेल. मीही ती पोस्टमनकडून सही करून घेतली. मी परवा जागा बघून आले. तक्रारदाराला पुढे खुर्ची देतात, ताईला वॉकर घेऊन बसता येईल. विरुद्ध पक्षांसाठी मागे एकच लाकडी बाक आहे, दोघांना पुरेल एवढा. वकील पाठवू नकोस, स्वतः ये. पान चौदावरची ओळ कोणी काढली ते तू सांग. पान सहा वाचूनही सही कोणी केली ते मी सांगते.

मी दहालाच जाऊन बसणार आहे.

चारुशीला गजभिये
विरुद्ध पक्ष क्रमांक तीन